एकच गंजी, २५ चित्रं: निसर्गचित्रकार क्लोद मोने रोज नेमकं काय करायचे?

कोरा कॅनव्हास, मग निळ्या रंगाचे दोन फटकारे, मग झाडं, मग पाण्यातलं प्रतिबिंब आणि तिसाव्या सेकंदाला चित्र तयार. निसर्गचित्राचे असे टाइमलॅप्स रील्स तुमच्याही फीडमध्ये येत असतील. बघायला मजा येते, पण त्यात एक गोष्ट हमखास गाळलेली असते, ती म्हणजे मधले दिवस. ढग सरकायची वाट बघणं, कालचा रंग खरवडून टाकणं, पाऊस आला म्हणून सामान आवरून परतणं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी जाऊन बघावं तर सगळंच बदललेलं असणं.

हे मधले दिवस कसे असतात, ते फ्रेंच चित्रकार क्लोद मोने (१८४०-१९२६) यांच्याबाबत बरंच तपशिलात कळतं. त्याचं कारण साधं आहे. मोने चित्रं काढायला दूरदूर जायचे, आठवडेच्या आठवडे तिथे राहायचे आणि घरी अलीस यांना जवळजवळ रोज पत्र लिहायचे. आज किती कॅनव्हासवर काम झालं, कोणता बिघडला, वारा कसा होता, उद्याचा बेत काय. आजच्या भाषेत सांगायचं तर रोजचं अपडेट.

ही पत्रं वाचणाऱ्याला थोडा धक्का बसतो. इतकी शांत चित्रं काढणारा हा माणूस बरेच दिवस वैतागलेला असायचा. सोमवारी सगळं छान चाललंय, मंगळवारी सगळं संपलं, बुधवारी पुन्हा आशा. आणि प्रत्येक वेळी कारण जवळपास एकच, उजेड बदलला.

मोने कोण होते?

नाव ऐकलं नसेल तरी कमळांच्या तळ्याची त्यांची चित्रं मोबाइल कव्हरपासून पडद्यांपर्यंत कुठे ना कुठे नजरेस पडलेली असतात. पॅरिसमध्ये जन्म, बालपण ल आव्र या बंदराच्या गावात. तिथे युजेन बुदाँ या चित्रकाराने या पोरसवदा मुलाला स्टुडिओबाहेर नेलं आणि उघड्यावर बसून रंगवायला शिकवलं. आपल्याकडे कला महाविद्यालयातली मुलं ज्याला 'आउटडोअर' किंवा 'ऑन द स्पॉट' म्हणतात, तेच.

त्या काळात हे नुकतंच सोपं झालं होतं. १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने धातूच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत, ती फुटायची आणि रंग सुकायचा. ट्यूब आली आणि रंग खिशात घालून शेतात जाता येऊ लागलं.

१८७२ मध्ये मोने यांनी ल आव्रच्या बंदरातली पहाट रंगवली आणि चित्राला 'इम्प्रेशन, सनराइज' असं नाव दिलं. १८७४ च्या प्रदर्शनात ते लागलं तेव्हा लुई लरुआ या टीकाकाराने त्या नावाचीच टर उडवली. 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द तिथून चिकटला. टोमणा म्हणून आलेला शब्द पुढे कलेच्या इतिहासातल्या एका मोठ्या चळवळीचं नाव झाला.

आधी आभाळ, मग नाश्ता

१८८३ मध्ये मोने पॅरिसपासून सुमारे ७५ किलोमीटरवरच्या जिवेर्नी या खेड्यात राहायला गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. तिथला त्यांचा दिवस पहाटेच सुरू व्हायचा. उठल्यावर पहिलं काम आभाळ बघणं. कारण आज कोणतं चित्र पुढे न्यायचं, हे आभाळावर ठरायचं. धुकं असेल तर धुक्याचा कॅनव्हास, ऊन असेल तर उन्हाचा. आभाळ या दोन्हींत न बसणारं असेल, तर मोने यांचा पारा चढायचा आणि घरातले लोक जरा जपूनच वागायचे.

दुपारचं जेवण साडेअकराला. त्यात उशीर चालत नसे, कारण दुपारचा उजेड हातचा जाऊ द्यायचा नव्हता. रात्री लवकर झोप.

१८९६-९७ च्या उन्हाळ्यात तर हे वेळापत्रक आणखी कडक झालं. सीन नदीवरची पहाट रंगवायची म्हणून मोने साडेतीनला उठून नदीवर जायचे. १८९७ मध्ये मोरिस गिलमो हा पत्रकार त्यांना भेटायला गेला आणि त्याने जे पाहिलं ते लिहून ठेवलं. नदीत एक सपाट बोट, बोटीत एकाच जागेची चौदा चित्रं, प्रत्येकावर क्रमांक. उजेड बदलला की मदतनीस पुढच्या क्रमांकाचा कॅनव्हास हातात देणार. चौदापैकी एकही पूर्ण झालेलं नव्हतं आणि सगळ्यांवर थोडं थोडं काम चालू होतं.

पण एका जागेला इतके कॅनव्हास कशाला?

मोने यांची पद्धत समजून घ्यायची तर गव्हाच्या गंज्यांकडे जावं लागतं.

१८९० च्या उन्हाळ्याअखेरीस जिवेर्नीच्या घराशेजारच्या शेतात कापणी झाली आणि गंज्या रचल्या गेल्या. इंग्रजीत या चित्रांना 'हेस्टॅक्स' म्हणतात, म्हणजे गवताच्या गंज्या. ते नाव थोडं फसवं आहे. त्या न मळलेल्या गव्हाच्या पेंढ्यांच्या होत्या, वरून पावसासाठी शाकारलेल्या, पंधरा-वीस फूट उंच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला 'सुडी' म्हटलं तर लगेच कळेल. मळणीचं यंत्र गावोगाव फिरत यायचं, त्याची पाळी येईपर्यंत धान्य असं उभं राहायचं. म्हणजे त्या गंजीत गावाचं वर्षभराचं धान्य होतं.

मोने यांनी पुढे सांगितलेली हकिकत अशी आहे. सुरुवातीला त्यांना वाटलं, दोन कॅनव्हास पुरतील. एक ढगाळ दिवसासाठी, एक उन्हासाठी. पण रंगवायला बसले आणि ऊन सरकलं. ते ब्लांशला, अलीस यांच्या मुलीला, म्हणाले की घरून आणखी एक कॅनव्हास आण. ती घेऊन येते तोवर उजेड पुन्हा बदललेला. मग आणखी एक. मग आणखी एक. ब्लांश स्वतःही चित्रकार होती. ती हातगाडीवर कॅनव्हास घालून शेतातून ये-जा करायची.

नियम असा होता की प्रत्येक कॅनव्हासवर फक्त त्याच्याच उजेडात काम करायचं. उजेड गेला की ब्रश थांबला, पुढचा कॅनव्हास घ्यायचा. उद्या तोच उजेड त्याच वेळी आला, तर पहिल्यावर परत यायचं. नाही आला तर परवा.

हा हट्ट वाटू शकतो, पण त्यामागे दोन रोखठोक कारणं होती. पहिलं, सूर्य. सकाळी आठला गंजीची सावली एका बाजूला निळसर पडते, अकराला ती आखडते, संध्याकाळी गंजीची कड नारिंगी पेटते आणि सावलीवाली बाजू जांभळी होते. एकाच कॅनव्हासवर दिवसभर रंगवत बसलं, तर चित्रात सकाळची सावली आणि संध्याकाळचं आभाळ एकत्र येतात. बघणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं वाटतं.

दुसरं कारण तैलरंगाचं. जलरंग काही मिनिटांत वाळतो, तैलरंगाला दिवसच्या दिवस लागतात. ओल्या थरावर दुसरा रंग घासला की दोन्ही मिसळून चिखल होतो. चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येकाने हा चिखल एकदा तरी केलेला असतो. एक कॅनव्हास वाळत असताना दुसऱ्यावर काम करता येतं, त्यामुळे अनेक कॅनव्हास एकदम चालू ठेवणं सोयीचंही होतं.

७ ऑक्टोबर १८९० ला मोने यांनी गुस्ताव्ह जेफ्रुआ या समीक्षक मित्राला पत्र लिहिलं. गंज्यांच्या चित्रांशी झगडतोय, या दिवसांत सूर्य इतक्या झपाट्याने मावळतो की गाठताच येत नाही, आणि माझं काम तर दिवसेंदिवस हळू होत चाललंय, असा त्याचा आशय आहे. तेव्हा मोने जवळपास पन्नास वर्षांचे होते आणि तीसेक वर्षं रंगवत होते. अनुभवाने वेग वाढतो असं आपल्याला वाटतं. त्यांच्याबाबत उलट झालं. जितकं जास्त दिसू लागलं, तितका एकेका चित्राला वेळ लागू लागला.

शरद ऋतूतून हिवाळा आला, बर्फ पडलं, गंज्या तिथेच होत्या. या मालिकेतली साधारण २५ चित्रं आज मोजली जातात. त्यातली १५ मे १८९१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल द्युराँ-रुएल यांच्या गॅलरीत लागली आणि काही दिवसांत विकली गेली. २०१९ मध्ये यातलंच एक चित्र न्यूयॉर्कमधल्या सदबीजच्या लिलावात ११ कोटी ७ लाख डॉलरला गेलं, म्हणजे त्या वेळच्या दराने पावणेआठशे कोटी रुपयांच्या आसपास. विषय काय, तर शेजाऱ्याच्या शेतातली गंजी.

जाता जाता एक गंमत. १८९६ च्या सुमारास मॉस्कोत यातलं एक चित्र वासिली कँडिन्स्की नावाच्या तरुणाने पाहिलं आणि ते नेमकं कशाचं आहे हे त्याला ओळखताच आलं नाही. कॅटलॉग बघून गंजी असल्याचं कळलं. ओळखू न येताही चित्र मनातून जाईना. हाच कँडिन्स्की पुढे अमूर्त चित्रकलेतलं मोठं नाव झाला.

कॅनव्हासवर पहिल्या दिवशी काय व्हायचं?

लिला कॅबट पेरी ही अमेरिकन चित्रकर्ती अनेक उन्हाळे जिवेर्नीला मोने यांच्या शेजारी राहिली होती. तिने त्यांचा सल्ला लिहून ठेवलाय. समोर झाड आहे, घर आहे, शेत आहे हे विसरायचं. इथे निळ्याचा एक चौकोन, तिथे गुलाबीचा एक लांबट तुकडा, पलीकडे पिवळ्याची रेघ, इतकंच बघायचं आणि तेवढंच लावायचं. आणि पहिल्याच बैठकीत कॅनव्हासचा होईल तेवढा भाग कसाबसा का होईना, झाकून टाकायचा. एका कोपऱ्यात पान न् पान रंगवत बसायचं नाही.

यामागचं गणित सोपं आहे. कोणताही रंग शेजारच्या रंगामुळे बदलतो. पांढऱ्या कॅनव्हासवर एकटा हिरवा गडद दिसतो, सगळीकडे रंग आल्यावर तोच फिका पडतो. सगळं झाकलं की चित्राचा एकूण सूर पहिल्या दिवशीच ठरतो आणि पुढचे दिवस तो जुळवत जाता येतो.

रंगही मोजकेच. १९०५ मध्ये द्युराँ-रुएल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्वतःचे रंग सांगितलेत: पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी, गडद किरमिजी, कोबाल्ट निळा आणि पाचूसारखा हिरवा. बस्स. काळा त्यात नाही. सावली काळी नसते, तिच्यात आभाळाचा निळा आणि आजूबाजूचे रंग असतात, हे तोवर त्यांच्या हातात मुरलं होतं.

झाडाला पालवी फुटली आणि पंचाईत झाली

या सगळ्या पद्धतीची सगळ्यात मोठी परीक्षा १८८९ मध्ये झाली. त्या वर्षी मार्चमध्ये मोने मध्य फ्रान्समधल्या क्रूझ नदीच्या खोऱ्यात, फ्रेसलीन या गावी गेले. खडकाळ दरी, दोन नद्यांचा संगम, हिवाळ्याचा रुक्षपणा. त्यांना तोच हवा होता. एक जुना, वाकडातिकडा, निष्पर्ण ओक वृक्ष त्यांच्या पाच चित्रांत होता आणि त्यातल्या तिनांत तर तोच मुख्य पात्र.

मग पाऊस लागला. दिवसामागून दिवस. नदीचं पाणी वाढलं की त्याचा रंग बदलायचा, उतरलं की पुन्हा बदलायचा. थंडीपावसाने हातांना भेगा पडल्या. अलीस यांना जाणाऱ्या पत्रांत रोजची रडगाणी. एक कॅनव्हास पुढे जातोय म्हणेपर्यंत तीन मागे पडलेले.

या उशिरात वसंत ऋतू येऊन ठेपला. मे महिना लागला आणि ओकला पालवी फुटली. आता काय? हिवाळ्याचं चित्र अर्धं झालेलं आणि समोर हिरवंगार झाड. कोणी म्हणेल, पानं नाही काढायची, आठवणीने रंगवायचं. पण समोर जे दिसतंय तेच रंगवायचं हा ज्याचा नियम, त्याला हे कसं चालणार?

मोने यांनी जागेच्या मालकाला ५० फ्रँक देऊ केले. कशासाठी, तर झाडाची पानं काढायची परवानगी. मालकाने होकार दिला. ९ मेच्या पत्रात मोने आनंदात लिहितात की परवानगी मिळाली. झाड दरीत होतं, तिथवर मोठ्या शिड्या नेणं हेच एक काम. पण दोन माणसं कामाला लागली आणि वसंतात फुटलेली पानं खुडून पुन्हा हिवाळा तयार केला गेला.

हा किस्सा विनोद म्हणून सांगितला जातो आणि तो आहेच मजेशीर. पण त्यात एक विरोधाभासही आहे. निसर्ग जसा आहे तसा रंगवायचा म्हणून या माणसाने निसर्गालाच थांबवलं.

दोन वर्षांनी पुन्हा तसंच झालं. १८९१ मध्ये एप्त नदीकाठच्या पॉप्लर झाडांची रांग ते रंगवत होते. मध्येच कळलं की गावाने ती झाडं लाकडासाठी लिलावात काढली आहेत. मोने यांनी लाकडाच्या व्यापाऱ्याशीच बोलणी केली. बोली वर गेली तर फरक मी देतो, पण माझं काम होईपर्यंत झाडं उभी ठेवायची. झाडं उभी राहिली, चित्रं पूर्ण झाली, मग कुऱ्हाड पडली. याच मालिकेबद्दल पेरीने लिहिलंय की एका चित्राचा उजेड अवघी सात मिनिटं टिकायचा. ऊन एका ठरावीक पानावरून सरकलं की त्या दिवसाचं काम संपलं. दिवसाला सात मिनिटं, आणि तीही ऊन पडलं तर.

भरती कधी आहे, हे नीट बघितलं नाही

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर एत्रता नावाचं गाव आहे, समुद्रात कमानीसारखे घुसलेले पांढरे कडे. १८८५ मध्ये मोने तिथे काम करत असताना कथाकार मोपासाँ यांनी त्यांना पाहिलं आणि पुढच्या वर्षी त्यावर लेख लिहिला. मोने पुढे आणि मागे मुलांची रांग, मुलांच्या हातात एकाच दृश्याचे पाच-सहा कॅनव्हास. आभाळ बदललं की एक खाली, दुसरा वर. मोपासाँ यांना ते चित्रकारापेक्षा दबा धरून बसलेल्या शिकाऱ्यासारखे वाटले.

त्याच मुक्कामात, नोव्हेंबरच्या शेवटी, मोने कड्याच्या पायथ्याशी रंगवत होते. भरतीच्या वेळेचा त्यांचा अंदाज चुकला. अचानक आलेल्या लाटेने त्यांना कड्यावर आपटलं आणि मग सामानासकट पाण्यात ओढलं. ते कसेबसे हातापायांवर रांगत बाहेर आले. त्या रात्रीच्या पत्रात ते सांगतात की रंगांची पाटी हातातच राहिल्याने दाढी रंगांनी माखली होती. जीव वाचला, चित्र मात्र गेलं. पत्रात जास्त हळहळ त्या चित्राचीच आहे.

पुढच्याच वर्षी बेल-इल या वादळी बेटावर ते दहा-पंधरा दिवसांसाठी म्हणून गेले आणि दोन महिन्यांहून जास्त राहिले. तिथे वाऱ्याने ईझल उडू नये म्हणून ते दोरांनी आणि दगडांनी बांधावं लागायचं.

लंडन: रविवारी धूर नसायचा, म्हणून चित्रही नाही

१८९९ ते १९०१ या काळात मोने तीनदा लंडनला गेले. सॅव्हॉय हॉटेलची खोली, खाली थेम्स नदी. सकाळी खिडकीतून वॉटर्लू आणि चेरिंग क्रॉसचे पूल, दुपारनंतर नदीपलीकडच्या सेंट थॉमस रुग्णालयातून संसदेची इमारत. त्यांना लंडन आवडायचं ते धुक्यामुळे. धुकं नसतं तर लंडन सुंदर दिसलं नसतं, असं त्यांचं मत होतं.

पण ते धुकं निम्मं कारखान्यांच्या आणि घराघरांतल्या कोळशाच्या धुराचं होतं. मार्च १९०० मधल्या एका पत्रात ते रविवारची सकाळ सांगतात. उठून बघतात तर धुक्याचा मागमूस नाही. आता सगळी चित्रं बुडाली असं वाटून ते हादरले. मग हळूहळू शेगड्या पेटल्या, धूर वर चढला, धुरकं परत आलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. हवा खराब आहे म्हणून आनंदणारा माणूस विरळाच. मुंबई-पुण्याच्या हिवाळ्यात सकाळी जे करडं आवरण दिसतं, त्याकडे बघताना हे आठवायला हरकत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टर्नर आणि मोने यांची सुमारे १०० चित्रं तपासली गेली. वाढत्या प्रदूषणाबरोबर चित्रांतल्या कडा पुसट होत गेल्याचं त्यात दिसलं. म्हणजे मोने डोळ्यांसमोरची हवा बऱ्यापैकी खरी रंगवत होते.

लंडनमध्ये त्यांची पद्धत मात्र त्यांच्यावरच उलटली. धुक्यातला उजेड मिनिटामिनिटाला बदलायचा, त्यामुळे कॅनव्हास वाढत जाऊन शंभराच्या जवळ पोचले. आता एखादा ओळखीचा उजेड आला की त्याचा कॅनव्हास ढिगातून शोधायचा. तो सापडेपर्यंत उजेड गेलेला. ज्याच्या फोनमध्ये दहा हजार फोटो आहेत आणि नेमका हवा तो मिळत नाही, त्याला ही तगमग लगेच समजेल.

शेवटी ते सगळे कॅनव्हास जिवेर्नीला नेले गेले आणि तिथे त्यावर आणखी तीन वर्षं काम चाललं. १९०४ मध्ये त्यातली ३७ चित्रं प्रदर्शनात लागली.

मग 'सगळं जागेवरच रंगवलं' हे खरं की खोटं?

इथे एक दंतकथा तपासायला हवी. १८८० मध्ये एका पत्रकाराने मोने यांना स्टुडिओ कुठे आहे असं विचारलं, तेव्हा त्यांनी समोरच्या नदीकडे आणि टेकड्यांकडे हात केला, हाच माझा स्टुडिओ. ही गोष्ट इतकी लोकप्रिय झाली की मोने सगळं उघड्यावरच पूर्ण करतात, असं लोक धरून चालले. स्वतः मोने यांनीही ही प्रतिमा छान जपली.

प्रत्यक्षात जिवेर्नीत त्यांचे स्टुडिओ होते आणि ते भरपूर वापरले जायचे. सगळ्यात ठळक उदाहरण रुआँच्या कॅथेड्रलचं. १८९२ आणि १८९३ च्या हिवाळा-वसंतात त्यांनी कॅथेड्रलसमोरच्या खोल्या भाड्याने घेऊन त्या दगडी दर्शनी भागाची तीसहून जास्त चित्रं सुरू केली. एका दिवसात दहाहून जास्त कॅनव्हास फिरायचे. ताण इतका की एका रात्री त्यांना स्वप्न पडलं, कॅथेड्रल अंगावर कोसळतंय आणि ते कधी निळं, कधी गुलाबी, कधी पिवळं दिसतंय. त्यांनी ते पत्रात लिहूनही कळवलं. पण या चित्रांपैकी बहुतेकांवर सहीसोबत साल आहे १८९४. त्या वर्षी ते रुआँला नव्हते, घरी होते. जागेवर जे पकडलं ते स्टुडिओत थर देत, एकमेकांशेजारी ठेवून, तुलना करत पूर्ण केलं गेलं. त्यातली २० चित्रं १८९५ मध्ये प्रदर्शनात मांडली गेली.

१९०५ मध्ये लंडनची चित्रं फोटोवरून काढली असल्याची कुजबुज झाली, तेव्हा मोने चिडले. चित्र जागेवर काढलंय की नाही, हा इतरांचा प्रश्न नाही आणि त्याला महत्त्वही नाही, असं त्यांनी द्युराँ-रुएल यांना कळवलं. पंचवीस वर्षांपूर्वी नदीकडे हात दाखवणारा माणूस तो हाच. दोन्ही विधानं एकमेकांना छेद देतात, पण त्यांचा रोजचा दिवस बघितला तर दुसरंच जास्त खरं वाटतं.

फाडलेली चित्रं

प्रगती नेहमी पुढेच जाते असं नाही. १९०८ च्या मे महिन्यात कमळांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन ठरलं होतं. त्याआधी मोने यांनी किमान १५ कॅनव्हास स्वतःच नष्ट केले, कारण ते त्यांना पटेनात. कित्येक महिन्यांची मेहनत आणि मोठी रक्कम अशी एका झटक्यात गेली. प्रदर्शन वर्षभर पुढे ढकललं गेलं. १९०९ मध्ये ते झालं तेव्हा ४८ चित्रं लागली आणि त्याचं जोरदार स्वागत झालं.

कमळांचं तळंही त्यांनी स्वतःच तयार करवून घेतलं होतं. १८९३ मध्ये रेल्वे रुळांपलीकडची जमीन घेतली, नदीचं पाणी वळवायची परवानगी मागितली. परदेशी वनस्पतींमुळे पाणी बिघडेल म्हणून गावकऱ्यांनी विरोध केला, पण परवानगी मिळाली. पुढे एका माळ्याचं कामच हे होतं की होडीतून फिरून कमळाची पानं स्वच्छ ठेवायची, म्हणजे पाण्यात आभाळ नीट दिसेल. पानं खुडायला माणसं लावणारा चित्रकार आता थेट निसर्गच स्वतःच्या अंगणात बांधून बसला होता.

डोळ्यांनी साथ सोडली तेव्हा

१९१२ मध्ये मोने यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निदान झालं. ज्याचं सगळं काम निळ्या-जांभळ्यातला बारीक फरक ओळखण्यावर उभं, त्याला आता सगळं पिवळट-तपकिरी धुक्यातून दिसू लागलं. ते शस्त्रक्रियेला घाबरायचे, कारण त्या काळात तिचा भरवसा नव्हता. दहा वर्षं त्यांनी टाळाटाळ केली. ट्यूबवरची लेबलं वाचून आणि पाटीवर रंगांचा क्रम ठरवून ठेवून ते काम करत राहिले. दुपारचं कडक ऊन सहन होईना, म्हणून कामाच्या वेळा बदलल्या. याच काळातली त्यांच्या बागेतल्या जपानी पुलाची चित्रं लाल-तपकिरी रंगांच्या गुंत्यासारखी दिसतात.

जानेवारी १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर काही काळ सगळं प्रमाणाबाहेर निळं दिसू लागलं आणि ते डॉक्टरांवर भडकले. रंगीत काचांचे चष्मे करून बघितले गेले. हळूहळू नजर बसली आणि त्यांनी आधीची काही चित्रं पुन्हा दुरुस्त करायला घेतली.

तोवर त्यांच्यावर एक मोठं वचन होतं. पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दुसऱ्याच दिवशी, १२ नोव्हेंबर १९१८ ला, त्यांनी मित्र आणि तत्कालीन पंतप्रधान जॉर्ज क्लेमाँसो यांना पत्र लिहून फ्रान्सला चित्रं भेट देण्याची इच्छा कळवली होती. त्यातून कमळांच्या तळ्याची भलीमोठी चित्रमाला ठरली, दोन मीटर उंच आणि सगळी एकत्र धरली तर शंभर मीटरच्या जवळ जाणारी. १९२२ मध्ये करार झाला. पण चित्रं देण्याची वेळ आली की मोने अजून थोडं काम बाकी आहे म्हणायचे. तारखा गेल्या, क्लेमाँसो रागावले, पुन्हा समेट झाला, पुन्हा तारीख गेली.

५ डिसेंबर १९२६ ला वयाच्या ८६ व्या वर्षी मोने यांचं निधन झालं, तेव्हा ती चित्रं जिवेर्नीच्या स्टुडिओतच होती. त्यानंतर ती पॅरिसला नेली गेली आणि मे १९२७ मध्ये ऑरांजरी संग्रहालयाच्या दोन लंबगोल दालनांत लोकांसाठी खुली झाली. दालनांत उजेड छतातून येतो, त्यामुळे बाहेर ढग आले की आतली चित्रंही बदललेली दिसतात.